दर महिन्याला नवीन एआय टूल येऊन राहिलं, तुम्ही आपलं रोजचं काम कसं जुळवता?

बर्डी_ते_परसोडी
नमस्कार मंडळी. नऊ वर्षं झाली पीएचपी-लारावेलमधे वेबचं प्रोग्रामिंग करून राहिलो, नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात आमची चौघांची छोटी कंपनी आहे. मुख्य काम म्हणजे कळमन्याच्या अडत्यांचं बिलिंग. २०२२ मधे कोड सुचवणारं कोपायलट घेतलं तेव्हा वाटलं चला, आता हेच. मग चॅटजीपीटी आलं तर कोड तिथं चिकटवा, उत्तर उचला, परत इकडे चिकटवा असा धंदा सुरू झाला. मग आतच चॅट असलेला एडिटर घेतला, त्याचे शॉर्टकट बोटात बसले न बसले तर त्यांनी प्लॅनचा हिशोबच बदलला अन महिना संपायच्या आधी लिमिट संपायला लागली. २०२५ मधे फेब्रुवारीत क्लॉड कोड, एप्रिलमधे कोडेक्स सीएलआय, जूनमधे जेमिनी सीएलआय, हे कोड लिहिणारे सगळे टर्मिनलात, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, येऊन बसले. प्रत्येक वेळी तेच, इन्स्टॉल करा, त्याची नियमांची फाईल लिहा, पोरांना शिकवा, अन तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी टपरीवर तर्री पोहे खाता खाता म्हणते "तुम्ही अजून तेच वापरता का?"
शनिवार-रविवार व्हिडिओ पाहण्यात जाऊन राहिले. बायको म्हणते कूलरचा पंप तरी बदला आधी. तर विचारायचं होतं की तुम्ही काय धरून ठेवता अन काय सोडता?

कूलर_चालू_आहे
भाऊ तुमचं दुखणं मला पूर्ण कळलं, मीही दीड वर्ष हेच केलं. टूल बदलणारच, पण तुमचं अर्धं काम टूलच्या आत अडकलं आहे, खरा त्रास त्याचा आहे. एकाच्या सेटिंगमधे नियम, दुसऱ्याच्या चॅटमधे चांगले प्रॉम्प्ट, तिसऱ्यात अजून काही. ते सगळं बाहेर काढा अन रेपोमधे, म्हणजे प्रोजेक्टच्या कोडच्या फोल्डरमधे, साध्या मजकुराच्या फाईलीत ठेवा.
मी काय केलं, एजंट्स डॉट एमडी नावाची नियमांची एकच फाईल. कोडेक्स अन कर्सर एडिटर ती थेट वाचतात. क्लॉड कोडला त्याची क्लॉड डॉट एमडी लागते, तर त्यात ॲटचं चिन्ह लावून एजंट्स डॉट एमडीचं नाव टाकायचं, बस एक ओळ. जेमिनी जेमिनी डॉट एमडी शोधते पण सेटिंगमधे ते नाव बदलता येते. म्हणजे उद्या टूल बदललं तरी लिहिलेलं वाया जात नाही.
अन त्या फाईलीत "स्वच्छ कोड लिही", "तू सीनियर इंजिनियर आहेस" असलं लिहू नका, त्यानं काही होत नाही. जे फक्त तुम्हालाच माहीत आहे ते लिहा. रक्कम फ्लोटमधे (दशांश आकड्यात) ठेवायची नाही, पैशात पूर्णांक. मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारा कोड) एकदा चाललं की त्या फाईलीला हात लावायचा नाही. टेस्टमधला अपेक्षित आकडा विचारल्याशिवाय बदलायचा नाही. ही शेवटची ओळ मी फार महागात शिकलो, एका टूलनं माझी फेल होणारी टेस्ट पास केली अन मी खुशीत मुख्य कोडात मर्ज मारलं, नंतर पाहतो तर त्यानं कोड तसाच ठेवून टेस्टमधला आकडाच बदलला होता.
नवीन टूलची परीक्षा एकच. आपल्याच प्रोजेक्टमधला जुना, डोकं खाल्लेला बग घ्यायचा, तो सुधारायच्या आधीच्या कमिटवर (गिटमधे जपलेल्या कोडच्या नोंदीवर) गिट वर्कट्री, म्हणजे त्या वेळच्या कोडचं वेगळं फोल्डर, काढायची अन गिऱ्हाइकाची तक्रार जशी व्हॉट्सॲपवर आली तशीच टाकायची. दोन तास. त्यात जमलं तर पुढे बघू, नाहीतर राम राम. महिन्यात एकदाच, मी पहिला शनिवार ठेवला आहे, मधे कितीही गाजावाजा झाला तरी पाहत नाही.

फुटाळा_संध्याकाळ
वरच्याशी सहमत, पण मी जरा थंड पाणी ओततो. वेळ वाचतो हे तुम्ही मोजलं का कधी? मेटर नावाच्या संस्थेनं जुलै २०२५ मधे एक अभ्यास छापला, १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर, २४६ कामं, त्यांच्याच ओळखीच्या मोठ्या रेपोत. एआय वापरायची मुभा होती तेव्हा कामाला १९ टक्के जास्त वेळ लागला, अन मजा म्हणजे त्यांना स्वतःला मात्र आपले २० टक्के वाचले असंच वाटत होतं. आता ती टूल्स २०२५ च्या सुरुवातीची होती अन माणसं त्या कोडमधे मुरलेली, म्हणून सगळ्यांना तो आकडा चिकटवू नका. पण "वाटते" यावर भरवसा नाही ठेवायचा, हे मी घेतलं त्यातून.
मी साधी वही ठेवली. काम, सुरू केलं ती वेळ, संपलं ती वेळ, अन टूलनं केलेला किती बदल (डिफ) फेकून दिला. दोन महिन्यांत दिसलं की नवीन स्क्रीन, सीडर (नमुना डेटा भरणारा कोड), रिपोर्टच्या क्वेरी यात खरंच फायदा आहे. जुन्या बिलिंगच्या कोडमधे नाही, तिथं उलट मीच त्याच्या मागे निस्तरत फिरतो. तेव्हापासून तिथं त्याला फक्त वाचायला लावतो, लिहायला नाही.

फायनल_इयर_चालू
दादा एक विचारू का, आम्ही प्लेसमेंटच्या तयारीला आहोत तर यातलं नेमकं कोणतं शिकावं? सीनियर लोक रोज वेगळं सांगून राहिले

कूलर_चालू_आहे
कोणतंही एक घे बे. पण त्यानं दिलेला डिफ ओळ-ओळ समजावून सांगता येईपर्यंत कमिट करू नको, मुलाखतीत मी तेच विचारतो. अन गिट नीट शिक, त्याला काही पर्याय नाही.

बर्डी_ते_परसोडी
शनिवारी बसलो. मिरचीच्या बिलाचा एक जुना बग घेतला, ३७ पोती उतरली, २ परत गेली, तर हमाली किती पोत्यांवर अन तोलाई किती पोत्यांवर. वर्कट्री काढली, तक्रार टाकली, अन साहेबांनी चार मिनिटांत एकदम बरोबर फिक्स दिला. मी खुर्चीतून उठलोच! मग वर स्क्रोल करून पाहिलं तर त्यानं गिट लॉग ऑल (सगळे कमिट दाखवणारी कमांड) मारला होता अन माझाच २०२३ चा कमिट वाचून तोच उतरवला, कमेंटमधल्या चुकीसकट 😀

कूलर_चालू_आहे
अरे बापरे, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. वर्कट्री सगळी हिस्ट्री वाटून घेते न. म्हणजे माझे मागचे तीन-चार "पास" पण संशयाचेच म्हणायचे. गिट अर्काइव्हनं त्या कमिटचं नुसतं फोल्डर काढा, हिस्ट्री असलेलं डॉट गिट नको, वेगळ्या जागी ठेवा.

बर्डी_ते_परसोडी
तसं केलं. यावेळी पाऊण तास घेतला अन हमाली ३५ वर टाकली. दिसायला एकदम बरोबर, तोलाई ३५ वर तर हमालीही ३५ वर. पण आमच्या अडत्याकडे परत गेलेलं पोतंही हमालानं उचललेलं असते, त्याचे पैसे द्यावेच लागतात, म्हणून हमाली ३७ वर. हे कोडमधे कुठंच लिहिलेलं नव्हतं, माझ्या अन मुनीमजीच्या डोक्यात होतं. एजंट्स डॉट एमडीत ती ओळ टाकून परत चालवलं तर पहिल्याच फटक्यात जमलं, मग हौस म्हणून दुसऱ्या टूलवर चालवलं तर तिथंही जमलं.
तर आता टूलचं राहू द्या, असल्या किती ओळी डोक्यातच राहिल्या ते मोजतो आहे. आतापर्यंत अकरा झाल्या. बाकीच्या मुनीमजीला विचारूनच लिहाव्या लागतील, अन ते लिलाव संपल्याशिवाय बोलत नाहीत.