कॅरेज रिटर्न कुणी काढायचा: फाईल पाठवणाऱ्याने की स्क्रिप्टने?

सीताबर्डीकर
नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्याच्या आवक-भावाची सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली) फाईल एका अडत्याकडून रोज येते. ती विंडोजवरच्या एक्सेलमधून निघालेली, माझी ऑक (ओळीओळीने मजकूर वाचून रकाने पाडणारी भाषा) स्क्रिप्ट लिनक्सवर. शेवटच्या रकान्यातला भाव आधी आणि मालाचं नाव नंतर छापायला सांगितलं, तर "3200,संत्रा" ऐवजी पडद्यावर नुसतं ",संत्रा" येतं. भाव कुठे गेलेला नसतो. त्याच्या मागे चिकटलेला कॅरेज रिटर्न, म्हणजे सीआर हे ओळीच्या शेवटचं न दिसणारं चिन्ह, कर्सरला ओळीच्या सुरुवातीला नेतो आणि पुढची अक्षरं भावावरच उमटतात. फाईल पडद्यावर दाखवणाऱ्या कॅट या आज्ञेला कॅपिटल ए लावून बघा, प्रत्येक ओळीच्या टोकाला डॉलरच्या आधी कॅरेट आणि एम दिसतील.

माझं मत ठाम आहे. ही सफाई स्क्रिप्टनेच करावी, तीही फाईल आत घेतानाच. अडत्याला त्याचा त्रास कशाला?

धंतोलीची ताई
नाही पटलं, भाऊ. एकाच फाईलवर चार जणांच्या स्क्रिप्ट चालतात. प्रत्येकाने तोच तुकडा लिहायचा? एकजण विसरला आणि फाईलच्या शेवटी 'अ' सारखा प्रतीचा रकाना असला, की तुलना करताना एकही ओळ सापडत नाही, आणि एररही येत नाही. रिपोर्टमध्ये शून्य दिसतं आणि लोक ते खरं मानतात. पाठवणाऱ्याकडूनच फाईल नीट यायला हवी.

महालवाला
पण ताई, त्या माणसाचं चुकलं काय? सीएसव्हीसाठी 2005 साली आलेल्या आरएफसी 4180 या इंटरनेटच्या दस्तऐवजात ओळ सीआर आणि एलएफ (लाइन फीड) या जोडीनेच संपते असं लिहिलं आहे. टेलिटाइपवर, म्हणजे तारेने आलेला मजकूर छापणाऱ्या जुन्या यंत्रावर, सीआर छपाईचं डोकं डावीकडे न्यायचा, एलएफ कागद वर सरकवायचा. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या आस्की संचात त्यांचे क्रमांक 13 आणि 10. डॉस-विंडोजने जोडी ठेवली, युनिक्सने फक्त 10 ठेवला. वेबच्या एचटीटीपी 1.1 च्या हेडरमध्ये आजही जोडीच असते. म्हणजे फाईल बरोबर आहे, आपलं वाचणं अपुरं आहे.

सीताबर्डीकर, सफाई कशाने करता ते मात्र सांगा. टीआर (दिलेली अक्षरं बदलणारी वा काढणारी आज्ञा) लावून सरसकट उडवत असाल तर माझा विरोध आहे. मॅकवरच्या एक्सेलमध्ये मॅकिंटॉश सीएसव्ही निवडलं की ओळी नुसत्या सीआरने संपतात. तिथे टीआरने सीआर काढला की अख्खी फाईल एकच ओळ होऊन बसते!

सीताबर्डीकर
टीआर नाही. ऑकमध्ये पहिलीच आज्ञा सबची (मजकूर बदलणारी) आहे, ओळीच्या टोकाचा सीआर तेवढा काढते. मधल्याला हात लावत नाही. ती अख्ख्या ओळीवर चालते आणि ओळ बदलली की ऑक रकाने पुन्हा पाडतो, म्हणून खालचं सगळं कोरं मिळतं. आणि ताई, चार जण असतील तर फाईल उतरते त्या फोल्डरवरच एकदा डॉस-टू-युनिक्स (ओळींच्या शेवटची जोडी युनिक्सच्या एका चिन्हात बदलणारं साधन) चालवा, चौघांचंही काम होईल.

धंतोलीची ताई
फोल्डरवर एकदाच, हे मान्य. पण गुपचूप नको. किती ओळींतून सीआर निघाला तो आकडा लॉगमध्ये आलाच पाहिजे. काही ओळींत आहे आणि काहींत नाही असं दिसलं, तर दोन ठिकाणची माहिती एका फाईलमध्ये चिकटवलेली असू शकते. अशा वेळी स्क्रिप्टने थांबावं, पुढे जाऊ नये.

सीताबर्डीकर
आकडा लॉगमध्ये टाकतो. थांबायला मात्र माझा नकार आहे. सकाळी लिलावाच्या वेळी भाव अडकले तर शेतकरी कुणाला विचारणार?

धंतोलीची ताई
चुकीचा भाव गेला तर कुणाला विचारणार, ते आधी सांगा.