स्लॅशरपटाचा सिक्वेल नेमका कशासाठी पाहावा?

रातकिडा
स्लॅशरपटांच्या, म्हणजे खुनी एकेकाला गाठून मारत जातो अशा भयपटांच्या, सिक्वेलना सरसकट नाके मुरडणे मला पटत नाही, पण त्यांतले बहुतेक फसतात हेही खरे. पहिल्या भागातून जी जिवंत सुटली, तिच्यात त्या रात्रीचे काय उरले आहे याचे भान असलेला सिक्वेलच पाहण्याजोगा असतो, असे माझे मत आहे. खुन्याचा पूर्वेतिहास उकरणारे सिक्वेल उलट भीतीच घालवतात. १९७८च्या ‘हॅलोविन’मध्ये नायिका लॉरी ही मायकेल मायर्स या खुन्याच्या ओसाड घरी किल्ली ठेवायला जाते, एवढ्याच निमित्ताने तो तिच्या मागे लागतो. १९८१च्या दुसऱ्या भागाने ती त्याची बहीण असल्याचे सांगितले आणि कोणाच्याही वाट्याला येऊ शकणारी ती भीती एका कुटुंबापुरती उरली.

याउलट ‘स्क्रीम २’मधला (१९९७) गाडीचा प्रसंग आठवा. अपघातानंतर मुखवटा घातलेला खुनी पुढच्या सीटवर बेशुद्ध पडला आहे, मागे अडकलेल्या नायिका सिडनीला आणि तिच्या मैत्रिणीला त्याच्या अंगावरूनच बाहेर पडायचे आहे. त्या सरपटण्यात रक्ताचा थेंब सांडत नाही, तरी आपला श्वास अडकतो, कारण सिडनीने या मुखवट्याची दहशत पहिल्या भागातच भोगलेली आहे.

अनाहूत
पूर्णपणे असहमत. आपला निकष लावला, तर जेसन या खुन्यामुळे ओळखली जाणारी ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ ही मालिका दुसऱ्याच भागात संपायला हवी होती. १९८०च्या पहिल्या भागातून वाचलेली अ‍ॅलिस दुसऱ्याच्या सुरुवातीलाच मारली जाते. पहिल्या भागात खून करणारी जेसनची आई होती. जेसन स्वतः खुनी झाला तो दुसऱ्या भागात, डोक्यावर पोत्याचे कापड घेऊन, आणि हॉकीचा मुखवटा तर त्याला १९८२च्या तिसऱ्या भागात मिळाला. म्हणजे जे रूप जगाच्या लक्षात राहिले, ते सिक्वेलनीच घडवले. प्रेक्षक तिकीट काढतो ते खुनी या वेळी कुठून आणि कसा येणार हे पाहायला. नायिकेच्या जखमा हा त्यावरचा साज आहे, आणि तो नसला तरी चालते.

सावली
आपण दोघेही ‘सायको २’ (१९८३) विसरलात. बावीस वर्षांनी सुटून घरी आलेला, पहिल्या ‘सायको’मधला खुनी नॉर्मन बेट्स पुन्हा बिघडू नये, असे आपल्याला मनापासून वाटू लागते. हा खुन्याच्याच पूर्वेतिहासावर उभा असलेला सिक्वेल आहे आणि तरीही तो घाबरवतो. रातकिडा यांची अट इथे मोडते.

रातकिडा
सावली, हे मान्य करतो. खुन्याचा भूतकाळ नको, हे मी फार सरसकट लिहिले. नॉर्मनच्या बाबतीत तो भूतकाळ स्पष्टीकरण म्हणून येत नाही, त्याला तो रोज सोसावा लागतो. ‘हॅलोविन’च्या दुसऱ्या भागातले नाते मात्र केवळ जोडून दिलेले आहे, म्हणूनच २०१८च्या ‘हॅलोविन’ला ते सहज काढून टाकता आले.

अनाहूत, मुखवट्याचे श्रेय सिक्वेलचेच, यात वाद नाही. पण मुखवटा लक्षात राहणे निराळे आणि चित्रपट पुन्हा पाहावासा वाटणे निराळे.

अनाहूत
मला तो तिसरा भाग आजही पुन्हा पाहावासा वाटतो, आणि केवळ त्या मुखवट्यासाठीच.