असेंब्लीच्या उमेदवाराची घरगुती फंडरेझर पार्टी: एच-वन वाल्याने जावं का?

एडिसनचा_नवखा:
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत एडिसनच्या बाजूला राहतो. आमच्या टाउनहाउस कम्युनिटीतल्या एका काकांनी शनिवारी संध्याकाळी घरी बोलावलंय, स्टेट असेंब्लीला (म्हणजे राज्याच्या विधानसभेला) उभे असलेले एक उमेदवार येणार आहेत. इन्व्हाइटवर खाली लिहिलंय होस्ट 1000, को-होस्ट 500, फ्रेंड 100 आणि एक क्यूआर कोड. मी एच-वनवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) आहे, बायकोचं ग्रीन कार्ड तिच्या वडिलांमुळे लग्नाआधीच झालेलं. आता प्रश्न असा की पैसे न देता गेलो तर काकांना कसं वाटेल, दिले तर व्हिसाला काही होईल का, आणि मुळात तिथे होतं काय? आपल्याकडे इलेक्शन म्हटलं की पाकीट उमेदवाराकडून येतं, इथे सगळं उलटंच दिसतंय 😅 इन्व्हाइट मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर पण फिरतंय, त्यामुळे सगळे ओळखीचे असणार.

जर्सीची_माई:
जा बिनधास्त, पण तू एक डॉलरसुद्धा देऊ नकोस. शंभर नाही, दहा नाही, काहीच नाही. फेडरल कायद्याने परदेशी नागरिकाला कुठल्याच इलेक्शनला पैसे देता येत नाहीत, आणि त्यात स्टेट, काउंटी, टाउनशिप, स्कूल बोर्ड सगळं आलं. लोकांना वाटतं फक्त प्रेसिडेंटच्या इलेक्शनला बंदी आहे, तसं नाहीये. सिटिझन आणि ग्रीन कार्डवाले देऊ शकतात. एच-वन, एच-फोर, एफ-वन, एल-वन असे तात्पुरत्या व्हिसावाले, कुणीच नाही.

कोथरूड_ते_कार्टरेट:
माईंनी बरोबर सांगितलं. यावर कोर्टात भांडूनही झालंय. न्यूयॉर्कमध्ये टेम्पररी व्हिसावर काम करणारे दोघे होते, एक वकील एक डॉक्टर, त्यांचं म्हणणं आम्ही इथे राहतो, टॅक्स भरतो, मग देऊ द्या की. त्यातल्या वकिलाला तर नुसती ओबामांच्या बाजूची पत्रकं छापून सेंट्रल पार्कात वाटायची होती. 2011 मध्ये हरले, निकाल लिहिणारे जज कॅव्हनॉ, जे आता सुप्रीम कोर्टात आहेत, आणि 2012 ला सुप्रीम कोर्टानेही तोच निकाल कायम ठेवला. म्हणजे स्वतःच्या खर्चाने पत्रकं छापणंसुद्धा नाही. फुकट व्हॉलंटियर म्हणून काम मात्र चालतं, दारोदार फिर, फोन कर, खुर्च्या लाव.

दोन_घास:
आमच्याकडे अशा पार्ट्या होत असतात म्हणून आतलं सांगते. सहाला बोलावलं असेल तर लोक पावणेसातला येतात (देसी घर आहे शेवटी), समोसे-ढोकळा, बिर्याणीचे ट्रे. उमेदवार उशिरा येतो कारण त्याच संध्याकाळी त्याच्या आणखी एकदोन ठिकाणी अशाच पार्ट्या असतात. मग यजमान दिवाणखान्यात सगळ्यांना गप्प करून ओळख करून देतात, उमेदवार दहा-पंधरा मिनिटं बोलतो, मी कोण, आईवडील कसे आले, प्रॉपर्टी टॅक्स फार झालाय वगैरे. नंतर प्रश्न. आणि मग सगळ्यात अवघड भाग, पैसे मागणं, ते शक्यतो उमेदवार स्वतः करत नाही, यजमान किंवा दुसरं कुणीतरी उभं राहून सांगतं की मंडळी आज एवढे जमवायचेत. तेव्हा सगळे आपापल्या फोनमध्ये बघायला लागतात 😂 त्या क्षणी क्यूआर कोड स्कॅन करू नकोस, लाजेकाजेने तर अजिबातच नको. इन्व्हाइटवरचे आकडे सहसा सुचवलेले असतात, तिकीट नसतं. काकांना आजच मेसेज टाक, "काका, मी एच-वनवर आहे, डोनेट करता येत नाही, पण ऐकायला येऊ का?" ते हो म्हणतील, कारण उमेदवाराला भरलेला हॉल लागतोच, रिकाम्या खुर्च्या बघून कुणी चेक लिहीत नाही.

आणि खरं सांगू, पैशापेक्षा तिथे भेट होते ती महत्त्वाची. जर्सीत 40 डिस्ट्रिक्ट, प्रत्येकातून एक सिनेटर आणि दोन असेंब्ली मेंबर, म्हणजे असेंब्लीत 80 जण. काँग्रेसमनशी दोन मिनिटं बोलायला मिळत नाहीत, इथे हा माणूस तुझ्या शेजारी पेपर प्लेट घेऊन उभा असतो. शाळेचं फंडिंग, एनजे ट्रान्झिट (राज्याच्या बस-ट्रेन) हे विषय ट्रेंटनमध्येच, म्हणजे जर्सीच्या राजधानीतच येतात, वॉशिंग्टनमध्ये नाही.

बाकी_शून्य:
सगळा फोटोचा कारभार आहे हो. आपले लोक 500 देतात, उमेदवाराच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढतात, फेसबुकवर "विथ माय गुड फ्रेंड". प्रश्न कोण विचारतं? गेल्या खेपेला एकाने विचारलं तर तो पण दिवाळीची सुट्टी कधी देणार हाच.

दोन_घास:
@बाकी_शून्य फोटोवाले असतातच, तुम्ही या ना मग प्रश्न विचारायला. दिवाळीची सुट्टी वाईट प्रश्न नाहीये, फक्त त्यासाठी स्कूल बोर्डाच्या मीटिंगला जा, बऱ्याच ठिकाणी तिथेच ठरते.

एडिसनचा_नवखा:
धन्यवाद सगळ्यांना! काकांना मेसेज टाकला, म्हणाले येच. आता बायको म्हणते मी देते 100, ग्रीन कार्ड आहे माझं. चालेल ना? आमचं जॉइंट अकाउंट आहे.

कोथरूड_ते_कार्टरेट:
वहिनी देऊ शकतात, पण त्यांनी त्यांच्या मनाने, त्यांच्या नावाने, त्यांच्या पगाराच्या स्वतंत्र अकाउंटवरून द्यावेत. तुझा पगार पडतो त्या जॉइंट अकाउंटमधून नको. आणि तू मागून त्यांना 100 परत करायचे नाहीत. दुसऱ्याच्या नावाने पैसे देणं हा वेगळाच गुन्हा आहे. मुंबईत जन्मलेले दिनेश डिसूझा आठवतात? 2012 च्या न्यूयॉर्कच्या सिनेट इलेक्शनला दुसऱ्यांच्या नावाने पैसे दिले, 2014 मध्ये गुन्हा कबूल केला, आठ महिने हाफवे हाउस (तुरुंगाऐवजी देखरेखीखालचं वसतिगृह), पाच वर्षं प्रोबेशन, 30,000 डॉलर दंड. 2018 ला ट्रंपनी माफी दिली ती गोष्ट वेगळी, आपल्याला कोण देणार.

अजून एक, फॉर्मवर एम्प्लॉयर आणि ऑक्युपेशन विचारतात, दचकू नका. ठरावीक रकमेच्या वर गेलं की नाव-पत्ता-कंपनी स्टेटच्या इलेक्शन कमिशनच्या साइटवर कुणालाही दिसतं. 2023 च्या कायद्याने ती रक्कम 300 वरून 200 वर आणली, आणि गंमत म्हणजे त्याच कायद्याने एका माणसाने उमेदवाराला द्यायची मर्यादा 2600 वरून 5200 केली. टॅक्समध्ये यातलं काही वजा होत नाही, मंदिराच्या पावतीत घालू नका.

जर्सीची_माई:
ते मंडळाच्या ग्रुपचं राहिलंच की! तुमचं मंडळ 501(सी)(3), म्हणजे करमाफी असलेली धर्मादाय संस्था असेल तर त्यांना कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, 1954 पासूनचा नियम आहे हा. काकांनी आपल्या फोनवरून मित्रांना पाठवलं तर त्यांची मर्जी, पण मंडळाच्या ऑफिशियल ग्रुपवर, त्यात अध्यक्षांनी "जरूर या" लिहिलेलं असेल तर उद्या कुणीतरी आयआरएसकडे (इथल्या टॅक्स खात्याकडे) स्क्रीनशॉट पाठवेल. कमिटीत कुणी ओळखीचं असेल तर सांग त्यांना काढून टाकायला.

एडिसनचा_नवखा:
अध्यक्षांनी नुसतं लिहिलं नाहीये, मंडळाचा लोगो टाकलाय वर. फोन करतो त्यांना आत्ताच.