मदत हवी आहे: ईएसपी३२ वरचा सीएनसी बोर्ड सकाळी बूटच होत नाही, 'फ्लॅश रीड एरर १०००'

नमस्कार मंडळी,

सांगलीजवळ बाबांचे सुतारकामाचे दुकान आहे. त्यांच्यासाठी एक छोटा सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमाने कोरणारे मशीन) बांधला आहे, घराच्या नावाच्या पाट्या आणि देव्हाऱ्याच्या दारांवरची नक्षी कोरायला. मी नोकरीला पुण्यात, त्यामुळे सगळे काम शनिवार-रविवारचे. सागाच्या फळीवर पहिली पाटी कोरून निघाली तेव्हा बाबा अक्षरांच्या कडांवरून कितीतरी वेळ बोट फिरवत बसले होते. म्हणून हा प्रश्न मला फार लागला आहे: मी पुण्याला परतलो की आठवड्यातल्या तीन-चार सकाळी मशीन चालूच होत नाही, आणि बाबा मग पाटी हाताने कोरायला घेतात.

बोर्डाची माहिती आधी देतो. ३० पिनांचा ईएसपी३२ डेव्हकिट (मायक्रोकंट्रोलरचा छोटा तयार बोर्ड), त्यावर वरूम-३२ मॉड्यूल (चिप आणि तिचा प्रोग्रॅम साठवणारी फ्लॅश मेमरी एकत्र), मशीन चालवणारे फर्मवेअर फ्लुइडएनसी. मोटरांसाठी तीन टीबी ६६०० ड्रायव्हर, २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), त्यातून एलएम २५९६ च्या मॉड्यूलने ५ व्होल्ट काढून डेव्हकिटला. डेव्हकिट ज्यावर बसतो तो बोर्ड मी घरीच केला, एका बाजूचे तांबे, टोनर इस्त्रीने उतरवून फेरिक क्लोराईडमध्ये. लिमिट स्विच (अक्षाचे टोक आले हे सांगणारे) तिन्ही एनसी, म्हणजे न दाबता मिटलेले, जोडले आहेत, त्यामुळे वायर तुटली तरी मशीन थांबेल. स्विचचे एक टोक ग्राउंडला, दुसरे पिनला, प्रत्येक पिनला ३.३ व्होल्टकडे १० के चा पुल-अप (पिन हाय धरणारा रेझिस्टर) आणि नॉइजसाठी १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. एक्स अक्षाचा स्विच पिन १४ वर, वाय १२ वर, झेड १३ वर. हे तीन पिन डेव्हकिटवर शेजारी-शेजारी आहेत, त्यामुळे एकही जंपर न टाकता ट्रॅक सरळ कनेक्टरपर्यंत नेता आले.

गेल्या रविवारी सकाळी सुदैवाने मी तिथेच असताना मशीन अडले. लॅपटॉप लावला, ११५२०० वर सिरियल मॉनिटर उघडला, तर या ओळी सेकंदाला कित्येकदा धावत होत्या: रिसेटचे कारण हेक्स १० (हेक्स म्हणजे सोळाच्या पायावरचा आकडा), आरटीसी वॉचडॉग (चिप अडली की तिला रिसेट करणारा टायमर), बूट हेक्स ३३, एसपीआय फास्ट फ्लॅश बूट, आणि खाली 'फ्लॅश रीड एरर, १०००'. ईएन (रिसेटचे) बटण दाबून काही फरक नाही. नीट चालू होते तेव्हा त्याच जागी बूट हेक्स १३ दिसते.

आता ज्याने गोंधळलो ते सांगतो. बोर्ड मशीनवरून काढून, सगळे कनेक्टर सोडवून टेबलावर यूएसबीवर लावला, तर तो एकदाही बूट होत नाही. तिथे फर्मवेअर टाकायला गेलो तर ईएसपीटूल (फर्मवेअर भरणारा प्रोग्रॅम) शेवटी 'एमडी५ जुळत नाही', म्हणजे पाठवलेले आणि फ्लॅशमध्ये लिहिलेले सारखे नाही, म्हणून थांबते. पण तोच डेव्हकिट सॉकेटमधून उपसून नुसता लॅपटॉपला लावला की दहापैकी दहा वेळा चालतो, फर्मवेअरही बिनतक्रार जाते. मशीनवर अडला असताना बेड हाताने पुढेमागे केला की कधी कधी एकदम चालू होतो. त्यामुळे कुठेतरी लूज कॉन्टॅक्ट असावा असे वाटून सगळ्या क्रिंप पुन्हा केल्या, सॉकेटचे सोल्डरिंग पुन्हा केले. पुण्याच्या तपकीर गल्लीतून दुसरा डेव्हकिट आणला. तोही तसाच. ५ व्होल्टवर ४७० मायक्रोफॅरड टाकला, ईएन ते ग्राउंड १० मायक्रोफॅरड टाकला, ५ व्होल्ट वेगळ्या मोबाइल चार्जरवरून देऊन पाहिले. फ्लॅश पूर्ण पुसून पुन्हा भरली. काहीच उपयोग नाही.

दोन्ही डेव्हकिटची फ्लॅश खराब निघणे मला पटत नाही. माझ्या बोर्डातच काहीतरी आहे, पण काय ते सापडत नाही. कुणी हे पाहिले आहे का?

प्रतिसाद १

५ व्होल्टची लाइन आधी तपासा. टीबी ६६०० एकदम चालू होताना २४ व्होल्ट खाली बसत असतील. लॉगमध्ये 'ब्राउनआउट' (व्होल्टेज पडल्याची नोंद) शब्द दिसतो का?

धागाकर्ता

नाही, एकदाही दिसला नाही. शिवाय टेबलावर ड्रायव्हर नसतातच, नुसती यूएसबी असते, तरी अडतो.

प्रतिसाद २

तुमच्या लॉगमध्येच उत्तर आहे. हेक्स १३ आणि हेक्स ३३ मधला फरक पाहा: हेक्स २०, म्हणजे एकच बिट. बूट या शब्दापुढचा आकडा म्हणजे चिप जागी होताना तिने वाचलेले स्ट्रॅपिंग पिन, म्हणजे बूट कसे करायचे हे ठरवणारे पिन. त्यात हेक्स १० हा जीपीआयओ ० चा (म्हणजे पिन ० चा) बिट, हेक्स २ हा १५ चा, हेक्स १ हा ५ चा. हे तिन्ही मिळून १३ होतात आणि ते योग्य आहे. हेक्स २० हा जीपीआयओ १२ चा. तुमचा १२ बूटच्या क्षणी हाय असतो.

हा पिन साधा नाही. रिसेट सुटताना तो हाय सापडला तर चिप फ्लॅशला ३.३ ऐवजी १.८ व्होल्ट देते. वरूम-३२ वरची फ्लॅश ३.३ व्होल्टची आहे. १.८ वर ती धड वाचता येत नाही, म्हणून रीड एरर. पहिलाच प्रोग्रॅम वाचला जात नाही म्हणून वॉचडॉग रिसेट मारतो, आणि तेच चक्र सुरू राहते. एमडी५ न जुळण्याचे कारणही तेच.

नुसत्या डेव्हकिटवर आतला पुल-डाउन १२ ला लो ठेवतो, म्हणून तो चालतो. तुमच्या बोर्डावर १० के चा पुल-अप आहे, तो आतल्या पुल-डाउनपेक्षा बराच तगडा. मशीनवर एनसी स्विच मिटलेला असेल तर पिन ग्राउंडला जातो आणि सगळे ठीक. टेबलावर कनेक्टर सुटलेला म्हणजे सर्किट उघडे, पिन हाय. मशीनवर स्विच दाबलेला असेल तरी तेच.

म्हणून एकच विचारतो: रात्री मशीन बंद होते तेव्हा वायचा बेड कुठे असतो?

धागाकर्ता

हे वाचून थेट बाबांना फोन लावला. मी बंद करतो तेव्हा मशीन होम होऊन (स्विचला टेकून शून्य जागा शोधून) स्विचपासून ३ मिलिमीटर पुढे आलेले असते, त्यामुळे माझ्यासमोर ते क्वचितच अडले. बाबांना विचारले, रात्री बेडचे काय करता? म्हणाले, "मागं ढकलतो की. त्याशिवाय खालचा भुसा झाडायचा कसा?"

वाय अक्ष पट्ट्यावर आहे, वीज नसताना बेड हाताने सहज सरकतो, आणि लिमिट स्विच अगदी मागेच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना फोनवर म्हटले, आधी बेड चार बोटे पुढे ओढा, मग बटण लावा. पहिल्याच झटक्यात चालू झाले. गेले चार दिवस असेच चालू आहे.

आता कायमचा उपाय कोणता? ईएसपीईफ्यूजने (चिपमधले फ्यूज जाळणारा प्रोग्रॅम) फ्लॅशचा व्होल्टेज ३.३ वर पक्का करता येतो असे वाचले. ते करू का?

प्रतिसाद २

करता येते, वरूम-३२ ला चालेल. पण तो फ्यूज एकदा जाळला की परत फिरता येत नाही. आणि उद्या डेव्हकिट बदलायची वेळ आली तर नव्यावरही तेच करावे लागेल. तुम्ही पुण्यात असताना हे कोण करणार? त्यापेक्षा १२ कडे जाणारा ट्रॅक कापा आणि वायचा सिग्नल जंपरने ३२ किंवा ३३ वर न्या, दोन्ही मोकळे असतील तर. ० आणि २ वर नेऊ नका, तेही बूटच्या वेळी वाचले जातात. स्विच एनओ (दाबल्यावरच मिटणारा) करून सुटका होईल असे वाटू शकते, पण या पुल-अपसकट एनओ लावलात तर स्विच दाबलेला नसताना पिन हाय राहील आणि मशीन चालू होणार नाही.

धागाकर्ता, शनिवारी रात्री

काम झाले. ट्रॅक कापण्याआधी खात्री म्हणून बोर्ड टेबलावर घेतला, कनेक्टर सोडवले आणि १२ वर मीटर धरला: २.७ व्होल्ट. वरून १० के आणि आतून अंदाजे ४५ के, हिशेब बरोबर तेवढाच येतो. हे मोजमाप मी पहिल्या दिवशीच घेऊ शकलो असतो, पण ३.३ ची लाइन तेवढी मोजून थांबलो होतो.

मग ब्लेडने १२ चा ट्रॅक दोन मिलिमीटर खरवडला, तांब्याखालचा पिवळा फायबर दिसेपर्यंत. स्विच, पुल-अप आणि कपॅसिटर कनेक्टरच्या बाजूला राहिले, तिथून एक बारीक इनॅमल वायर ३३ ला टाकली आणि गरम गोंदाने बसवली. कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये वायच्या लिमिटचा पिन १२ चा ३३ केला. बोर्ड नुसता टेबलावर बूट झाला, हेक्स १३. मशीनवर चढवला, बाबांनी स्वतः बेड मागे टेकेपर्यंत ढकलला, स्विचचा टिक आवाज आला, आणि मग मुख्य बटण लावले. हेक्स १३. वीस वेळा बंद-चालू केले, वीसही वेळा हेक्स १३.

स्विच दाबलेला असताना होमिंग आधी अलार्म देते, तेव्हा बेड जरा पुढे घ्यावा लागतो. पण तो अलार्म पडद्यावर लिहून येतो आणि तो कसा काढायचा हे बाबांना दाखवले आहे. प्रतिसाद २ वाल्या दादांचे मनापासून आभार. बोर्डाच्या मूळ आराखड्यातही वाय ३३ वर नेऊन ठेवला आहे.