मदत हवी आहे: स्वतः घडवलेल्या कॉन्सेप्ट स्पोर्ट्स कारच्या बॉडीवर प्राइमरनंतर लाटा दिसतात

वेगरेषा
नमस्कार. कोणताही तयार संच न वापरता मी एका काल्पनिक स्पोर्ट्स कारचे मॉडेल घडवत आहे. आराखडा माझाच आहे. आसने दोन, इंजिन आसनांच्या मागे आणि मागच्या चाकांवर रुंद फुगवटे. बॉडी कोरून, पुट्टी भरून, घासून झाली होती आणि हाताला अगदी गुळगुळीत लागत होती. प्राइमर (रंगाआधीचा थर) मारल्यावर मात्र दारांवर आणि मागच्या फुगवट्यांवर लाटा दिसू लागल्या. खोलगट भागात पुन्हा पुट्टी भरून घासले की ती लाट जाते आणि तिच्या शेजारी दुसरी उमटते. यासाठी कोणती पुट्टी चांगली, एवढेच कृपया सांगावे. मुळापासून पुन्हा सुरुवात करा, हा सल्ला नको. चाके लावून पाहिली तर गाडी का कोण जाणे बोजड दिसते, पण तो प्रश्न नंतर विचारीन.

रंधा
पुट्टीचे नाव सांगण्याआधी ती कशावर बसणार आहे हे कळायला हवे. बॉडी लाकडाची आहे, फोमची आहे की प्लास्टिकच्या पत्र्याची? प्रमाण कोणते? आतापर्यंत वापरलेली पुट्टी नळीतून थेट निघणारी आहे की हार्डनर, म्हणजे घट्ट करणारे रसायन, मिसळावे लागणारी? आणि घासताना कागदामागे काही कठीण धरता की बोटांनीच घासता?

त्रिमितीप्रेमी
हे सगळे हाताने करण्याचा हट्ट कशासाठी, हे मला खरोखर समजत नाही. संगणकावर अर्धी गाडी काढावी, मध्यरेषेवर आरशासारखी उलटवावी आणि रेझिन प्रिंटरवर छापावी. डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी येते आणि पुट्टीचा प्रश्नच उरत नाही.

रंधा
उरतो. छापलेल्या बॉडीवरही थरांच्या पायऱ्या असतात, आणि गाडी प्रिंटरच्या प्लेटवर मावत नसेल तर तुकड्यांचे सांधेही भरावे लागतात. शिवाय संगणकात पृष्ठभाग नीट जुळवला नसेल, तर ती लाट प्रिंटर अत्यंत इमानदारीने छापून देतो. त्यांनी जे विचारलेले नाही त्याचे उत्तर देण्यापेक्षा आधी त्यांना माहिती देऊ द्या.

वेगरेषा
बॉडी फोमची आहे. पुट्टी सुरुवातीला नळीतली होती, नंतर हार्डनरवाली घेतली. घासतो हातानेच, कारण फुगवट्यांच्या गोलाईवर ठोकळा बसत नाही. प्रमाण असे काही ठरवलेले नाही, कारण ही गाडी प्रत्यक्षात अस्तित्वातच नाही. लांबी २५० मिमी आणि उंची ७२ मिमी आहे. चाके १:२४ च्या एका संचातली आहेत. त्यांचा टायरसकट व्यास २८ मिमी आहे. आता कृपया पुट्टी सांगा.

मातीकाम
फोमवर मुळात काम करूच नये. कारच्या डिझाइन स्टुडिओत मॉडेलसाठी माती वापरतात, आणि ती पद्धत रुजवण्याचे श्रेय जनरल मोटर्सच्या हार्ली अर्ल यांना जाते. १९३८ ची ब्यूक वाय-जॉब ही त्यांच्याच हाताखाली तयार झालेली कॉन्सेप्ट कार होती. ही माती मेणयुक्त असते. ती गरम करून थापायची आणि थंड झाल्यावर खरवडायची. चूक झाली तर खरवडलेलीच माती पुन्हा गरम करून लावता येते, सुकण्याची वाट पाहावी लागत नाही. मातीच्या पट्ट्या उतरताना हाताला जो अंदाज येतो, तो पॉलिश पेपरने कधीच येत नाही.

जुना साचेकार
मातीकाम यांनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली नाही, म्हणून मध्येच लिहितो. डिझाइनसाठीच्या अनेक मातींत गंधक असते. साचा घेण्यासाठी अशा मातीवर प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारे सिलिकॉन ओतले, तर मातीला टेकलेला थर चिकट राहतो आणि साचा वाया जातो. एकतर बिनगंधकाची माती घ्यावी किंवा टिनच्या उत्प्रेरकाचे सिलिकॉन वापरावे. मात्र दुसऱ्या प्रकारचा साचा काळानुसार थोडा आक्रसतो.

वेगरेषा, तुमचा फोम कोणता? इन्सुलेशनच्या लाद्यांचा, म्हणजे थर्मोकोलच्या जातीचा, की पॉलियुरेथेनचा? पहिल्या प्रकाराला पॉलिएस्टरची पुट्टी आणि स्प्रेमधला थिनर दोन्ही खाऊन टाकतात.

वेगरेषा
पॉलियुरेथेनचा आहे, पिवळसर. पुट्टीने काहीही विरघळलेले नाही. नखाने दाबले तर खळगा पडतो, पण घासायला सोपा जातो म्हणूनच घेतला होता.

रंधा
मग लाटांचे कारण तुमच्या याच वाक्यात आहे. नखाने दबणारा फोम आणि दगडासारखी कडक झालेली पुट्टी जेव्हा एकाच कागदाखाली येतात, तेव्हा कागद मऊ जागी जास्त खातो आणि कडक जागी कमी. त्यामुळे पुट्टीच्या प्रत्येक ठिपक्याभोवती उघड्या फोमची उथळ चर तयार होते. ती चर तुम्ही पुन्हा पुट्टीने भरता, तिची नवी कड तयार होते आणि त्या कडेच्या बाहेर पुन्हा चर पडते. जगातली सर्वांत महाग पुट्टी आणली तरी हे थांबणार नाही. त्यात बोटांनी घासल्यामुळे बोटांच्या दाबाच्या रेघाही उमटत असणार.

सुरुवातीच्या नळीतल्या पुट्टीचे दुखणे वेगळे आहे. ती आतला द्रावक उडून सुकते, म्हणून जाड भरली तर वरून कोरडी वाटली तरी पुढे कित्येक दिवस खाली बसत राहते. ती फक्त ओरखड्यांसाठी ठेवावी. खड्ड्यांसाठी हार्डनरवालीच वापरावी.

रंगछटा
माझ्या अनुभवानुसार कॉन्सेप्ट कारला गडद कँडी लाल रंगासारखी शोभा कशानेच येत नाही. आधी चकचकीत काळा, त्यावर बारीक कणांचा चंदेरी, मग पारदर्शक लाल रंगाचे पातळ हात आणि शेवटी क्लिअर, म्हणजे बिनरंगाचा चकचकीत थर, असा क्रम ठेवावा. पारदर्शक लाल रंगाचा प्रत्येक हात छटा गडद करत जातो, म्हणून दारे आणि बॉनेट वेगळे असतील तर सगळे एकाच वेळी रंगवावेत, नाहीतर तुकड्या-तुकड्यांत फरक दिसतो.

गुळगुळीत
रंगछटा, माहिती उत्तम आहे, पण या लाटांवर कँडी लाल मारला तर त्या दुप्पट दिसतील.

रंधा यांच्या निदानाशी मी सहमत आहे. लाट कुठे आहे हे रंगाआधीच कसे पाहायचे, एवढे त्यात जोडतो. प्राइमर मंद असतो, म्हणून त्यावर पाण्याचा हात फिरवावा, क्षणभर चकाकी येते. मग नळीचा दिवा गाडीला समांतर येईल अशा बेताने बॉडी हळूहळू फिरवावी. दिव्याचे प्रतिबिंब दारावरून फुगवट्यावर चढताना जिथे जाड, बारीक किंवा वाकडे होते, तिथे दोष आहे. स्टुडिओत याच कारणासाठी मातीच्या मॉडेलवर डायनॉक नावाची पातळ फिल्म ताणून बसवतात; मातीवर न दिसणारी लाट फिल्मवर लगेच उघडी पडते.

दुसरी युक्ती म्हणजे प्राइमरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारून ठोकळ्याने घासणे. उंचवट्यांवरचा काळा आधी जातो आणि खळग्यांतला उरतो. काळा उरला म्हणून तेवढीच जागा घासत बसू नये. भोवतालचा उंचवटा उतरवावा किंवा खळगा भरावा.

गोलाईवर ठोकळा बसत नाही हे खरे नाही. कडक ठोकळा बसत नसेल, पण १ मिमी जाडीच्या लवचीक प्लास्टिकच्या पट्टीवर पॉलिश पेपर चिकटवला की ती गोलाईप्रमाणे वळते आणि तरीही दोन-चार सेंटीमीटरांच्या खळग्यात शिरत नाही. पट्टी गाडीच्या लांबीला तिरपी धरून आडव्या-तिडव्या दिशांनी फिरवावी. १८० नंबरच्या कागदाने आकार, २४० आणि ३२० ने सफाई, आणि प्राइमरनंतर ४०० व ६००, एवढे पुरेसे होते. हे सर्व पाणी लावून करावे, म्हणजे धूळ उडत नाही.

जुना साचेकार
प्राइमरवर पाणी चालेल, उघड्या पॉलिएस्टर पुट्टीवर नको. ती सच्छिद्र असते आणि पाणी धरून ठेवते. ते ओलसरपण नंतर रंगाखाली फोड आणते. पुट्टी कोरडीच घासावी आणि नाका-तोंडावर मास्क बांधावा.

गुळगुळीत
वर्षानुवर्षे पाण्यानेच घासत आलो आहे आणि मला फोड आलेले नाहीत.

जुना साचेकार
तुम्ही पूर्ण वाळू देत असाल, म्हणून आले नसतील. प्रश्नकर्ते घाईत आहेत, म्हणून त्यांना कोरडेच घासायला सांगतो.

वेगरेषा
ठीक आहे, फोम मऊ आहे हे मान्य. पण बॉडी तर आता झाली आहे. ती न फेकता काही करता येईल का?

रंधा
फेकू नका. पूर्ण पृष्ठभाग साधारण १ मिमी खाली उतरवा, म्हणजे पुट्टीच्या बहुतेक कडा निघून जातील आणि आकार तोच राहील. मग संपूर्ण बॉडीवर पातळ काचकापड आणि इपॉक्सी रेझिनचे कवच चढवा, किंवा कापड नको असेल तर इपॉक्सीचे दोन-तीन हात द्या. घट्ट झालेल्या इपॉक्सीवर कधी कधी मेणचट थर येतो. तो कोमट पाण्याने धुऊन, कोरडा करून, पृष्ठभाग खरखरीत केल्याशिवाय वर पॉलिएस्टरची पुट्टी लावू नका, नाहीतर ती खालच्या बाजूने कच्ची राहते. त्यानंतर हार्डनरवाली पुट्टी ठिपक्यांनी न लावता एका बाजूच्या पूर्ण अंगावर एकाच सलग थरात पसरवा. आता कागदाखाली सगळीकडे एकच कडकपणा असेल.

बोजड दिसण्याचेही सांगतो, कारण आकार उतरवायचा असेल तर ते आत्ताच ठरवायला हवे. २५० मिमीची बॉडी १:२४ धरली तर खरी गाडी ६ मीटर लांब होते. १:१८ धरली तर साडेचार मीटर, म्हणजे लांबी बरोबर आहे. पण त्याच प्रमाणात ७२ मिमी उंची म्हणजे जवळजवळ १ मीटर ३० सेंटीमीटर होते, आणि २८ मिमीचे चाक जेमतेम ५० सेंटीमीटरचे. आजच्या स्पोर्ट्स कारचे चाक टायरसकट ६८ ते ७० सेंटीमीटरच्या आसपास असते. तुमच्या गाडीला ३८ मिमीची चाके हवीत आणि उंची ६४ मिमीच्या जवळ हवी.

वेगरेषा
पण कॉन्सेप्ट कारला हे नियम लागू होतात का?

रंधा
कॉन्सेप्ट कारची चाके सहसा रस्त्यावरच्या गाडीपेक्षा मोठीच दाखवतात, त्यामुळे तिथे २८ मिमी आणखीच लहान वाटेल. उंचीचे म्हणाल, तर १९७० ची, बर्टोने या इटालियन डिझाइन कंपनीची लान्शिया स्ट्रॅटोस झीरो ही कॉन्सेप्ट कार जमिनीपासून सुमारे ८४ सेंटीमीटर होती. १:१८ मध्ये ती ४७ मिमीपेक्षाही बुटकी ठरते. मोजपट्टीऐवजी चाकानेच मोजायचे असेल तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या जागेत साधारण तीन चाके मावावीत आणि छत दोन चाकांच्या उंचीच्या बरेच खाली राहावे.

मातीकाम
प्रमाणाचा विषय निघाला म्हणून सांगतो. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या आश्रयाने फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्डची स्पर्धा चालत असे आणि तिच्यातील मोटारींच्या विभागात मुले स्वतःच्या कल्पनेतल्या गाड्या १:१२ प्रमाणात घडवून पाठवत. १९६८ पर्यंत ती चालली. लाकडात किंवा प्लास्टरमध्ये, हातानेच. मऊ फोमचा मोह तेव्हा नव्हता.

त्रिमितीप्रेमी
प्रिंटरला विरोध करणाऱ्यांनीही एवढे तरी मान्य करावे की छेदांच्या टेम्प्लेटसाठी, म्हणजे आकार तपासायच्या कापलेल्या तुकड्यांसाठी, संगणक उपयोगी आहे. गाडीच्या दर २० मिमीवर आडवा छेद काढा, त्याचा अर्धा भाग पातळ प्लास्टिकमधून कापा आणि तोच तुकडा डावीकडे व उलटून उजवीकडे लावा. जिथे फट दिसते तिथे बाजू कमी आहे. दोन्ही बाजूंना दोन वेगळे टेम्प्लेट कापले, तर कापण्यातला फरक गाडीत उतरतो.

रंधा
हे मात्र शंभर टक्के मान्य.

जुना साचेकार
वेगरेषा, एक गोष्ट अजून कोणीच विचारलेली नाही. ही भरीव बॉडी शेवटपर्यंत अशीच राहणार आहे, की हिच्यावरून पोकळ बॉडी काढायची आहे?

वेगरेषा
पोकळच हवी. आत आसने आणि स्टीअरिंग दिसले पाहिजे. गरम केलेला प्लास्टिकचा पत्रा हिच्यावर व्हॅक्यूमने ओढणार आहे. बॉडीसाठी पांढरा आणि काचांसाठी पारदर्शक. हे मला उघडच वाटले, म्हणून लिहिले नाही.

जुना साचेकार
मग रंधा यांची कृती अर्धीच पुरेशी आहे. पूर्ण निर्वात झाल्यास हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलो पडतो. तुमची गाडी वरून पाहिली तर २५ बाय ११ सेंटीमीटर धरू, म्हणजे २७५ किलो. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर त्याचा पाचवा भागच देतो असे धरले तरी ५५ किलो होतात, आणि तेही पत्रा तापलेला असताना, जेव्हा खालचे इपॉक्सीसुद्धा मऊ पडू शकते. नखाने दबणारा फोम छताच्या मध्यभागी खचेल. माझा सल्ला असा की फोमची बॉडी फक्त मूळ प्रत म्हणून पूर्ण करा, तिच्यावरून सिलिकॉनचा साचा घ्या, त्या साच्यात कडक प्लास्टर ओतून ठोकळा काढा, तो पूर्ण वाळवा आणि पत्रा त्याच्यावर ओढा.

पत्र्याची जाडी बाहेरून वाढते, म्हणून १ मिमीचा पत्रा वापरणार असाल तर मूळ प्रत तेवढी बारीक ठेवा. रंधा यांनी १ मिमी उतरवायला सांगितले ते इथे आपोआप कामी येतो. कवच आणि पुट्टीने ते पुन्हा भरून काढू नका. बॉडी खालच्या कडेला आत वळत असेल, तर पत्रा तिथे अडकेल आणि ठोकळा निघणार नाही. तो भाग वेगळा करून नंतर चिकटवावा. ठोकळ्याखाली एक-दोन सेंटीमीटरचा चौथरा द्यावा, म्हणजे पत्र्याला पडणाऱ्या सुरकुत्या गाडीच्या खाली राहतात.

गुळगुळीत
पारदर्शक पत्रा ओढण्याआधी ठोकळ्यावरचा काचांचा भाग १००० नंबरच्या कागदापुढे नेऊन पॉलिश करा. पांढऱ्या पत्र्यात लपणारा ओरखडा पारदर्शक पत्र्याच्या आतल्या अंगावर उठतो, आणि तिथे पॉलिश पोहोचवणे जिकिरीचे असते.

वेगरेषा
सर्वांचे आभार. चाके बदलण्याची तयारी आहे, उंची ६६ पर्यंत उतरवेन, त्याखाली चालकाचे डोके मावत नाही. शेवटचा प्रश्न: कवच चढवल्यावर फोमवर आखलेली मध्यरेषा झाकली जाईल. मग टेम्प्लेट कशाला टेकवायचे?

रंधा
कवच चढवण्याआधी बॉडी एका सपाट पाटावर दोन खुंट्यांनी अशी बसवा की ती काढून पुन्हा त्याच जागी बसेल. मध्यरेषा आणि छेदांच्या जागा बॉडीवर न आखता पाटावर आखा आणि पाटावर टोकदार सुईने कोरून ठेवा. टेम्प्लेटचे पाय पाटावर टेकले की वर कितीही थर चढले तरी माप हलत नाही.