लहान मुलांना झाडांपाशी नेणारी खेळणी: लाकूड, पॉलिश आणि बिया यांबद्दल सल्ला हवा

बालवाडी_नाशिक
नमस्कार. बालवाडीसाठी खेळण्यांचा एक संच करून घ्यायचा आहे. मुलं ३ ते ६ वयाची, एका वेळी १५-२०. आवारात कडुनिंब, आपटा, उंबर आणि चिंच आहे, रस्त्यापलीकडे वड. मुलांनी खेळणं घेऊन झाडापाशी जावं, एवढाच हेतू आहे. सध्या मनात आहेत फांद्यांच्या गोल चकत्या, लॅमिनेट केलेली पानं आणि बियांचे खुळखुळे. पिंपळगाव भागातून छाटणीच्या द्राक्षकाड्या फुकट मिळतील, त्या चालतील का? सुताराला लाकूड आणि पॉलिश कोणतं सांगू? धोक्याचं काय आहे?

पानगळ
ताई, लॅमिनेशन नको. पानात थोडा जरी ओलावा राहिला तरी ते आतल्या आत काळं पडतं. पूर्ण वाळवलेल्या पानाचाही हिरवा रंग उन्हात उडतो. आणि मुलाच्या बोटाला लागतं ते प्लास्टिक.

त्यापेक्षा खेळणं अर्धवट ठेवा. ३० × १५ सेंमीची, १८ मिमी जाडीची पाटी घ्या. डाव्या अर्ध्या भागात पान कोरायचं, उजव्या अर्ध्यात ३ मिमी खोल रिकामा कप्पा आणि त्यावर इलॅस्टिकची एक पट्टी. झाडाखाली पडलेलं खरं पान आणून कप्प्यात ठेवलं की पाटी पूर्ण होते. दुसऱ्या दिवशी पान वाळलेलं असतं, नवं आणावंच लागतं. संच घरात बसून खेळता येत नाही, हाच त्याचा उपयोग.

कोरताना फक्त मुख्य शिरा घ्या, ३ मिमी रुंद आणि २ मिमी खोल. याहून उथळ शिरा पॉलिशने भरून जातात, बोटाला कळत नाहीत. सगळ्या शिरा कोरल्या तर नुसता खरखरीतपणा उरतो. वड, उंबर सोपे. आपट्याचं जोडपान तर तीन वर्षांचं मूलही डोळे मिटून ओळखतं. मात्र त्याच संचात कांचन घेऊ नका, दोन्ही पानं सारखीच दुभंगलेली असल्याने मुलं गोंधळतात. चिंचेची पर्णिका फार बारीक, तिथे देठ कोरून दोन्ही बाजूंना लांबट ठिपक्यांच्या १०-१२ जोड्या पुरतात. पळस मोहात पाडतो, पण त्याचं त्रिदळ या कप्प्यात मावत नाही.

सोबत खोडाचे ठसे घ्या. कागद खोडाला दोन नाड्यांनी, वर आणि खाली, घट्ट बांधायचा. या वयात एका हाताने कागद धरून दुसऱ्याने घासणं जमत नाही, कागद सरकतो आणि ठसा दुहेरी येतो. जाड मेणखडूचं वेष्टन काढून तो आडवा धरून घासायचा. टोकाने घासलं तर कागद फाटतो. कडुनिंब आणि चिंच यांचा ठसा ठळक येतो, उंबराची साल गुळगुळीत असल्याने पुसट. पावसाळ्यात हा खेळ बंद ठेवा: साल ओली असते आणि खोडावर केसाळ सुरवंट असतात.

रंधा
लाकडाबद्दल. शिवण मिळालं तर पहिली पसंती: हलकं, रंगाला फिकट, सुकल्यावर फारसं वाकत नाही आणि कोरायला मऊ. नाहीतर आंबा. सावंतवाडीला खेळणी पूर्वी पांगाऱ्याची होत, आता बरीचशी आंब्याची होतात. आंब्याला भुंगा लवकर लागतो, कारण कडेच्या पांढऱ्या लाकडात पिष्ट (स्टार्च) असतं. सुताराला गाभ्याचंच लाकूड घ्यायला सांगा. भोकातून पीठ पडताना दिसलं तर तो तुकडा बाद. भुंग्यासाठी औषध मारलेलं लाकूड तोंडात जाणाऱ्या वस्तूला नको.

गोल चकत्या तडकतील. लाकूड परिघाच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडे आकसतं. हा ताण निघायला जागा नसते, म्हणून सालीपासून गाभ्यापर्यंत चीर जाते. नाशिकच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत हे हमखास होतं. चकत्या हव्याच असतील तर फांदी अख्खी ठेवून, दोन्ही टोकांना मेण लावून सावलीत वाळवा. इंचभर जाडीला सुमारे एक वर्ष असा हिशोब असतो. मग तिरक्या कापा.

कडा ३ मिमी गोल करा. पॉलिश पेपर १२०, मग २२०. नंतर ओल्या फडक्याने पुसून सुकू द्या: लाकडाचे तंतू उभे राहतात, त्यावर ३२० फिरवा. ही पायरी गाळली तर मुलांच्या घामाच्या हातांनी आठवड्यात पाटी खरबरीत होते.

वर कच्चं जवसाचं तेल, पातळ दोन हात, मधे दोन-तीन दिवस, त्यावर मधमाशीचं मेण. दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ घेऊ नका, त्यात तेल लवकर सुकवणारी धातूंची संयुगं बहुधा मिसळलेली असतात. शेंगदाणा तेल सुकतच नाही, खवट होतं. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

बीजकोश
द्राक्षकाड्या अजिबात नकोत. बागेवर हंगामभर बुरशीनाशकं, कीटकनाशकं, मोरचुदाचं बोर्डो पडतं आणि ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटायला काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. जुन्या सालीच्या भेगांत हे सगळं धरून राहतं, वरवर धुऊन जात नाही.

खुळखुळ्यात गुंज कधीही नको. अख्खी गिळली तर कठीण कवचामुळे बरेचदा तशीच बाहेर पडते, पण माळेसाठी भोक पाडलं की कवच फुटतं आणि आतलं विष मोकळं होतं. चावलेलं एक बीसुद्धा मुलाच्या जिवावर बेतू शकतं. एरंड, कण्हेर, पिवळी कण्हेर, धोतरा, पांगारा यांच्या बियाही नकोत. गुलमोहराची वाळलेली अख्खी शेंग छान वाजते, पण ती कडेने उकलते आणि बिया सांडतात. दोन्ही टोकांना आणि मधे सुती दोरा घट्ट गुंडाळा, दर आठवड्याला तपासा.

चिंचोके, सागरगोटे मोठ्यांच्या देखरेखीखालीच. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी मोजमाप ठरलेलं आहे: ३१.७ मिमी व्यासाच्या नळकांड्यात पूर्ण मावणारा तुकडा द्यायचा नाही. धाकटी भावंडं येत असतील तर संपूर्ण संचाला हाच नियम लावा.

पुढे संच विकायचा विचार असेल तर १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे.

बालवाडी_नाशिक
फार उपयोग झाला. काड्या आणि लॅमिनेशन रद्द. पाटीचं इलॅस्टिक मुलं ओढून काढतील का?

रंधा
खिळ्याने ठोकलं तर नक्की निघेल, आणि खिळाही हातात येईल. पाटीला आरपार भोकं पाडा, इलॅस्टिक मागे नेऊन गाठ मारा आणि गाठीसाठी मागच्या बाजूला १० मिमी खड्डा ठेवा. म्हणजे पाटी जमिनीवर सपाट बसते. इलॅस्टिक वर्षभरात ढिलं पडेल, बदलता यावं म्हणून खड्ड्यात गोंद भरू नका.