युद्धाविरोधात स्त्रियांनी मूकपणे उभे राहण्याने काय साधते?

गोरेगावची_वाचक:

नमस्कार. आमच्या महिला मंडळाने दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी तासभर, युद्ध आणि शस्त्रस्पर्धा यांच्या विरोधात फलक घेऊन मूकपणे उभे राहावे, असा प्रस्ताव आमच्यापैकी काही जणींनी मांडला आहे. चर्चेत दोन आक्षेप आले. सीमेवर जवान तैनात असताना असे उभे राहणे हा त्यांचा अवमान आहे, हा पहिला. तो घेणाऱ्या सभासद बाईंचा मुलगा सैन्यात आहे, त्यामुळे तो बाजूला सारणे आम्हाला शक्य नाही आणि योग्यही वाटत नाही. दुसरा आक्षेप असा की, पंधरा-वीस बायका रस्त्यावर उभ्या राहिल्याने आजवर कोणते युद्ध थांबले? इतरत्र स्त्रियांनी हे कसे केले आणि मुंबईत ते करताना काय ध्यानात घ्यावे, याविषयी जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

शिवाजीपार्क_रहिवासी:

आपण ज्या स्वरूपाचा विचार करत आहात, त्याची सर्वांत स्पष्ट परंपरा 'विमेन इन ब्लॅक' या नावाने ओळखली जाते. पॅलेस्टिनी उठाव सुरू झाल्यावर जानेवारी १९८८ मध्ये जेरुसलेममधील काही इस्रायली स्त्रिया काळे कपडे घालून शुक्रवारी दुपारी एका वर्दळीच्या चौकात उभ्या राहू लागल्या. हाताच्या पंजाच्या आकाराचा काळा फलक आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'ताबा संपवा' (म्हणजे पॅलेस्टिनी भूभागावरचा इस्रायलचा ताबा) एवढाच मजकूर. घोषणा नाहीत, भाषणे नाहीत. येणारे-जाणारे गाडीची काच खाली करून शिव्या देत, त्यांना देशद्रोही म्हणत, आणि त्या मात्र ठरलेला वेळ संपेपर्यंत जागा सोडत नसत.

हीच रीत पुढे इटलीमार्गे बेलग्रेडला पोहोचली. युगोस्लाव्हिया फुटत असताना, ९ ऑक्टोबर १९९१ पासून तेथील स्त्रिया दर बुधवारी उभ्या राहू लागल्या. मला त्यांच्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही की, त्यांनी बोट दाखवले ते आधी स्वतःच्या सरकारकडे. शत्रूने केलेल्या अत्याचारांविषयी बोलायला बेलग्रेडमध्ये कोणतेच धैर्य लागत नव्हते. बोस्नियातील स्रेब्रेनित्सा येथे जुलै १९९५ मध्ये आपल्याच बाजूच्या, म्हणजे बोस्नियातील सर्बांच्या, सैन्याने हजारो बोस्नियाक (बोस्नियातील मुस्लिम) पुरुषांची आणि मुलग्यांची जी कत्तल केली, तिचे स्मरण सर्बियाच्या राजधानीत भर चौकात करण्यासाठी मात्र ते लागत होते, आणि तेथील 'विमेन इन ब्लॅक'ने ते वर्षानुवर्षे केले. लढायला नकार देऊन पळून आलेल्या तरुणांनाही त्यांनी आधार दिला.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल, तर कारगिलनंतर, सन २००० मध्ये, निर्मला देशपांडे यांच्या पुढाकाराने भारतीय स्त्रियांचा एक गट बसने लाहोरला गेला होता. युद्धाचा राग ओसरला नव्हता, त्या दिवसांतली ही गोष्ट आहे. निर्मलाताई मूळच्या नागपूरच्या, विनोबांच्या भूदान यात्रेत चाललेल्या. तरीही त्यांचे हे काम मराठी वाचकांना फारसे ठाऊक नाही, याचे मला वाईट वाटते.

सातारची_लेक:

मी पहिल्या आक्षेपाविषयीच लिहिते. माझे वडील आणि दोन्ही काका सैन्यात होते. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत असणे ही नवलाची गोष्ट नाही. युद्धाची बातमी लागली की चौकात फटाके वाजतात, पण ज्या घरातला माणूस त्या हद्दीवर असतो त्या घरात कोणी फटाके आणत नाही. आई दूरदर्शनचा आवाज बंद करून नुसती पट्टी वाचत बसायची, कारण निवेदकांचा उत्साह तिला सोसवत नसे. शांतता सर्वांत आधी हवी असते ती अशा घरांना, आणि ती मागण्याचा अधिकारही त्यांचा पहिला आहे.

म्हणून माझी सूचना अशी की, त्या बाईंची समजूत घालण्याच्या आधी त्यांचे पूर्ण ऐकून घ्यावे आणि फलकावरचा मजकूर त्यांना विचारून ठरवावा. जवानाविरुद्ध एकही शब्द नसावा. प्रश्न असावा तो त्याला लढायला पाठवण्याचा निर्णय घेणाऱ्यांना. त्या तुमच्याबरोबर उभ्या राहिल्या नाहीत, तरी त्यांना आपला अवमान झाला असे वाटू नये.

लालबागचा_वाचक:

दुसऱ्या आक्षेपाला सरळ उत्तर द्यायला हवे, असे मला वाटते. केवळ मूक उभे राहण्याने युद्ध थांबल्याचे उदाहरण मला माहीत नाही. इंग्लंडमधील ग्रीनहॅम कॉमन येथे अमेरिकी क्रूझ क्षेपणास्त्रांच्या विरोधात १९८१ मध्ये स्त्रियांनी तळ ठोकला, डिसेंबर १९८२ मध्ये सुमारे तीस हजार स्त्रियांनी हातात हात गुंफून त्या हवाई तळाला वेढा घातला, आणि १९९१ पर्यंत ती क्षेपणास्त्रे हललीसुद्धा. परंतु ती हलली अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातील १९८७ च्या करारामुळे. स्त्रियांच्या आंदोलनाने जनमत बदलले हे खरे, पण सगळे श्रेय त्यांना देणे इतिहासाला धरून होणार नाही.

लायबेरियाचे उदाहरण मला अधिक शिकवणारे वाटते. पश्चिम आफ्रिकेतल्या या देशात यादवी युद्ध चालू असताना, २००३ मध्ये, ख्रिश्चन आणि मुस्लिम स्त्रिया पांढरे कपडे घालून राजधानी मनरोव्हियाच्या मासळी बाजाराजवळच्या मैदानात रोज बसू लागल्या, उन्हात आणि पावसातही. परंतु त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी अध्यक्ष चार्ल्स टेलर यांची भेट मागितली आणि मिळवली. घानामध्ये शांतता बोलणी रेंगाळली, तेव्हा या स्त्रियांच्या नेत्या लेमा बोवी आणि त्यांच्या सहकारी तेथे जाऊन सभागृहाच्या दाराशी ठाण मांडून बसल्या आणि प्रतिनिधींची बाहेर पडण्याची वाट त्यांनी अडवली. ऑगस्टमध्ये करार झाला. बोवी यांना २०११ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेही आणखी दोघींबरोबर विभागून. उभे राहण्याला बोलण्याची, निवेदनांची, भेटीगाठींची जोड असली तर ते फळते, असे मी यावरून समजतो. तुमच्या मंडळाने आपल्या खासदारांची वेळ मागावी आणि मिळेपर्यंत मागत राहावे.

गिरगावची_मावशी:

मुंबईपुरते दोन शब्द. शहरात पाच किंवा त्याहून अधिक लोकांच्या जमावाला मनाई करणारे पोलिसांचे आदेश वरचेवर निघत असतात, त्यामुळे स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. तेथे नकार मिळाला तर आझाद मैदान आहेच. ते गोरेगावहून दूर पडते, पण निदर्शनांची नेमलेली जागा तीच आहे.

काळ्या कपड्यांचा आग्रह धरू नये, असे मला मनापासून वाटते. आपल्याकडे संक्रांत सोडली तर काळी साडी नेसायला पुष्कळ बायका बिचकतात, आणि ज्यांच्या घरचा माणूस सीमेवर आहे त्यांना तर ते अशुभच वाटेल. लायबेरियाच्या स्त्रियांनी पांढरे घातले, अर्जेंटिनातल्या प्लाझा द मायोच्या आयांनी आपल्या बेपत्ता मुलांसाठी डोक्याला पांढरा रुमाल बांधला. तुम्हीही तुमचे काही ठरवा. वार आणि वेळ मात्र एकदा ठरली की मोडू नका. कोणी अंगावर ओरडले तर एकच बाई उत्तर देईल, बाकीच्या बोलणार नाहीत, हेही आधीच ठरवून ठेवा.

गोरेगावची_वाचक:

सर्वांचे मनापासून आभार. सातारच्या ताईंचा प्रतिसाद मी त्या सभासद बाईंना वाचून दाखवला. त्यांनी अजून होकार दिलेला नाही, पण फलकाचा मजकूर ठरवायच्या बैठकीला येईन असे म्हणाल्या आहेत. पोलीस ठाण्यातला अर्ज मंडळाच्या नावाने द्यावा की व्यक्तिशः, याविषयी कोणाला अनुभव असल्यास कृपया कळवावे.